कॅबिनेट करंट मारतंय? आधी अर्थिंग बघा

पेन ड्राइव्ह लावायला कॅबिनेटच्या मागे हात घालावा, मनगटाची आतली बाजू पत्र्याला टेकावी आणि मुंग्या चावल्यासारखं झिणझिणावं. दचकून हात मागे घ्यावा, मग बोटाच्या टोकाने जपून पुन्हा चाचपावं, तर काहीच नाही. ‘भास झाला असेल’ म्हणून आपण कामाला लागतो. भास नसतो तो. बोटाच्या टोकाची कातडी जाड आणि कोरडी, मनगटाची पातळ. शिवाय त्या क्षणी पायांत चप्पल होती का, फरशी दमट होती का, यावरही बरंच अवलंबून असतं. त्यामुळे घरात वादही होतात. एकाला करंट लागतो, दुसरा म्हणतो मला तर काहीच होत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

त्या झिणझिण्यांनी बहुतेक वेळा इजा होत नाही. पण कॉम्प्युटरच्या धातूच्या अंगाला अर्थिंग, म्हणजे भरकटलेल्या विजेला जमिनीत नेणारी वाट, मिळत नाहीये, ही बातमी त्या देतात, आणि ती बातमी गंभीर आहे. चप्पल घातली की झिणझिण्या थांबतात, टेबलाखाली रबरी मॅट टाकली तरी थांबतात. बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून खाली जे काही सांगतोय ते अर्थिंग शोधण्यासाठी आणि परत आणण्यासाठी आहे. विजेच्या कामाचा गंध नसलेल्या माणसालाही यातलं बरंचसं करता येतं. जिथे थांबायचं तिथे थांबा म्हणून सांगितलं आहे.

हा करंट येतो कुठून

कॉम्प्युटरच्या आतला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करत असतो. त्यातून होणारा विजेचा गोंगाट घराच्या वायरिंगमध्ये परत जाऊ नये म्हणून तोंडाशीच एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, बहुधा निळ्या चकतीसारखे. एक फेजपासून (वीज आणणारी तार) पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून (वीज परत नेणारी तार) पत्र्यापर्यंत. पत्रा तिसऱ्या पिनेला जोडलेला असतो, त्यामुळे या कपॅसिटरमधून झिरपणारा करंट गुपचूप अर्थच्या वायरने निघून जातो.

तिसऱ्या पिनेच्या पलीकडे काहीच नसेल, तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लोंबकळत राहतो. पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. १२० व्होल्टचा असेल तर ६०. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण त्यामागे ताकद फार थोडी असते. ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर जेमतेम ०.३४ मिलिअँपिअर सोडतो. माणसाला करंट जाणवायला लागतो तो साधारण ०.५ मिलिअँपिअरपासून. म्हणजे एकट्या कॅबिनेटची गळती जाणिवेच्या उंबरठ्यावर असते. कधी कळते, कधी नाही.

आता त्याच एक्स्टेंशन बोर्डवर मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर आणि आणखी एखादं तीन पिनांचं उपकरण जोडा. बोर्डच्या आत सगळ्यांच्या तिसऱ्या पिना एकाच पट्टीवर असतात. भिंतीत अर्थ नसला तरी ही पट्टी सगळ्यांचे पत्रे एकमेकांना जोडते आणि सगळ्यांची गळती एकत्र येते. पाच उपकरणं म्हणजे दीड मिलिअँपिअरच्या वर. ते झिणझिणणं राहत नाही, हात झटकला जातो. ‘आधी लागत नव्हता, नवीन प्रिंटर घेतल्यापासून लागतो’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे! त्यात प्रिंटरचा दोष क्वचितच निघतो.

शटडाऊन केल्यावरही हे थांबत नाही, कारण प्लगमध्ये वीज आहे तोवर फिल्टर जागाच असतो.

धातूच्या अंगाचे लॅपटॉप वापरणाऱ्यांना आणखी एक गंमत माहीत असेल. चार्जिंग चालू असताना झाकणावरून बोट हलकेच फिरवलं तर पृष्ठभाग खरखरीत, थरथरता वाटतो. बोट थांबवलं की गुळगुळीत. १९५३ साली एडवर्ड मॅलिनक्रॉट आणि सहकाऱ्यांनी या प्रकारावर शोधनिबंध लिहिला होता. दिवा चालू असताना पितळी होल्डर हाताला वेगळा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बदलत्या व्होल्टेजमुळे कातडी पत्र्याकडे ओढली जाते आणि सुटते, तीच ही थरथर. कुणाला ‘लॅपटॉप व्हायब्रेट होतोय’ असं वाटलं तर कारण हे.

कोरड्या हवेत लोकरी कपडे घालून बसल्यावर दाराच्या कडीला हात लावताच ‘टक्’ करून बसतो तो झटका वेगळा. तो एकदाच बसतो आणि संपतो. हात टेकून ठेवल्यावरही झिणझिणतच राहिलं, तर ती मेन लाइनची गळती.

मग भीती कशाची

साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आवळले जातात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे, आणि तेही काही क्षण वाहत राहिलं, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. फिल्टरची गळती यापासून लांब आहे. पण समजा एसएमपीएसच्या आत फेजची वायर सुटली, कपॅसिटर फुटला किंवा केबल पत्र्याच्या धारेवर घासून सोलली आणि फेज सरळ पत्र्याला भिडली. अर्थिंग धड असेल तर त्या क्षणी शेकडो अँपिअर अर्थमधून धावतात आणि एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. कॉम्प्युटर मजेत चालत राहतो आणि पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर तुमच्या हाताची वाट बघत बसतो. शिवाय वर सांगितलेल्या बोर्डच्या पट्टीमुळे एका उपकरणातला हा बिघाड बोर्डवरच्या सगळ्या उपकरणांच्या अंगावर पोचतो.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे.’ असू दे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबी माणसातून जाणारे ०.१ अँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा.

पायरी १: प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका

फिटिंग उलटं झालं असेल तर बटण न्यूट्रलवर असतं आणि फेज आत तशीच राहते. म्हणून प्लग भिंतीतून बाहेर. आणि फक्त कॅबिनेटचा काढून भागत नाही. मॉनिटरची केबल, टीव्हीला जाणारी एचडीएमआय, केबल टीव्हीची जाड गोल वायर यांच्या धातूच्या आवरणातूनही करंट येऊ शकतो. सगळं सोडवून ठेवा.

पायरी २: डोळे उघडे ठेवून बघा

निम्मे बिघाड इथेच सापडतात. पॉवर केबलला तिसरी पिन आहे का? कुणी कापली आहे का? तीन पिनांना दोन पिनांत बसवणारा कन्व्हर्टर मध्ये घुसवला आहे का? बऱ्याच प्लगमध्ये अर्थची पिन इतर दोघींपेक्षा मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी जुळते आणि काढताना शेवटी सुटते. ‘बसत नव्हती’ म्हणून ती कापणाऱ्याने प्लगमधली सर्वांत कामाची पिन कापलेली असते.

एक्स्टेंशन बोर्डकडे खास लक्ष द्या. एकदा एका ओळखीच्यांकडे दोन तास कॅबिनेट उघडून बसलो, एसएमपीएस बदलून पाहिला, झिणझिण्या तशाच. शेवटी कंटाळून बोर्डचे स्क्रू काढले. वर तीन-तीन भोकांची चार सॉकेटं, आणि आत येणारी वायर दोनच तारांची. तिसरं भोक शोभेला. तेव्हापासून मी आधी बोर्ड बघतो, कॅबिनेट नंतर.

पायरी ३: बझरने केबल तपासा

साधा मल्टीमीटर घ्या, बझरच्या खुणेवर ठेवा. पॉवर केबल भिंतीपासून आणि कॅबिनेटपासून दोन्हीकडून सुटी हवी. एक टोक प्लगच्या अर्थ पिनेला, दुसरं केबलच्या दुसऱ्या टोकाच्या मधल्या भोकात. वाजलं तर केबल चांगली. आता केबल कॅबिनेटला लावा, भिंतीत मात्र घालू नका, आणि अर्थ पिनेपासून कॅबिनेटच्या मागच्या एखाद्या स्क्रूपर्यंत तपासा. रंगावर टोक टेकवू नका, रंगातून वीज जात नाही. इथेही वाजायला हवं. मीटर ओहम दाखवत असेल तर एक ओहमच्या आत. एक्स्टेंशन बोर्डही असाच सुटा करून तपासा.

या पायरीत कुठेही वीज नसते, म्हणून नवख्या माणसाने इतकं तरी करावंच.

पायरी ४: भिंतीतलं सॉकेट

इथे वीज आहे. हाताची सवय नसेल तर तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर वापरा. तो नुसता प्लगसारखा घालायचा आणि दिवे कसे पेटतात ते त्यावरच्या तक्त्याशी ताडून बघायचं.

स्क्रू ड्रायव्हरसारख्या निऑन टेस्टरवर फार भिस्त ठेवू नका. कॅबिनेटला लावल्यावर तो पेटला तर पत्र्यावर व्होल्टेज आहे इतकंच कळतं. ती फिल्टरची गळती आहे की सुटलेली फेज, हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याला पेटायला नगण्य करंट पुरतो. आणि ‘तिसऱ्या भोकात टेस्टर पेटत नाही, म्हणजे अर्थिंग ठीक आहे’ हे तर्कट तर सगळीकडे ऐकू येतं. वायरच न जोडलेल्या भोकातही तो पेटत नाहीच की.

मल्टीमीटर वापरता येत असेल तर एसी व्होल्टवर तीन मोजमापं घ्या. फेज ते न्यूट्रल पूर्ण व्होल्टेज. फेज ते अर्थ जवळपास तितकंच. न्यूट्रल ते अर्थ फारतर दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ मधलाच काहीतरी आकडा येत असेल, तोही हलता-डुलता, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे.

न्यूट्रल ते अर्थ अगदी ठार शून्य आलं तर खूश होऊ नका. त्याच लाइनवर इस्त्री किंवा हीटर लावा आणि पुन्हा बघा. न्यूट्रलमधून करंट वाहायला लागला की हा आकडा थोडा वर चढायला हवा. शून्यावरच चिकटून राहिला, तर सॉकेटच्या आत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून ठेवले असल्याचा संशय घ्या. ही लबाडी तीन दिव्यांच्या टेस्टरला ओळखता येत नाही.

पायरी ५: दोषी उपकरण वेगळं काढा

ज्याचं अर्थिंग नक्की चांगलं आहे अशा सॉकेटवर एकेक उपकरण लावत जा. झिणझिण्या गायब झाल्या तर उपकरणं ठीक, भिंत दोषी. लावताक्षणी एमसीबी किंवा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच, त्याबद्दल पुढे) पडत असेल तर त्या उपकरणात खरा बिघाड आहे. ते ‘आमच्या जुन्या सॉकेटवर नीट चालतं’ म्हणून परत नेऊ नका. तिथे ते चालतं कारण तिथे त्याला अडवणारं कुणी नाही.

पायरी ६: वायरमनला बोलवा, आणि काय करू द्यायचं नाही ते ठरवून ठेवा

भिंतीतलं अर्थिंग हे नवख्याचं काम नाही. पण वायरमन काय करतोय हे कळायला हवं, कारण इथे शॉर्टकट फार चालतात. योग्य काम एकच: मुख्य बोर्डाच्या अर्थपासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढणं. त्यात पाइप, खोदकाम, पसारा सगळं येतं, म्हणून तो काहीतरी सोपं सुचवेल.

पहिला शॉर्टकट म्हणजे वर सांगितलेला तारेचा तुकडा, न्यूट्रल ते अर्थ. झिणझिण्या लगेच थांबतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, तर चालू असलेल्या उपकरणातून फेज सरळ पत्र्यावर येते. आणि पुढे कधी कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर कॅबिनेट थेट फेजला. अर्थिंग नसलेलं सॉकेट यापेक्षा बरं.

दुसरा शॉर्टकट नळाचा पाइप. मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा असतोच, मग तुमचा बिघाड न्हाणीघरात आंघोळ करणाऱ्याच्या हाताशी जाऊन पोचतो. गॅसच्या पाइपचं तर नावही काढू देऊ नका.

तिसरा दिसायला प्रामाणिक आहे: बाहेर जमिनीत सळई ठोकून फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळं अर्थिंग. गळतीसाठी ते पुरतं, खऱ्या बिघाडासाठी नाही. हिशेब करा. सळईचा रोध २० ओहम निघाला, तर २३० व्होल्टला तिच्यातून ११.५ अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. सळई हवीच असेल तर सोबत आरसीसीबी हवाच.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट भलत्या वाटेने, कदाचित माणसातून, गेला की वीज तोडतो. त्याला स्वतःला अर्थ लागत नाही. याच तत्त्वावरचं अमेरिकी धाटणीचं उपकरण १९६१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी तयार केलं. माणसाला हात सोडवता येईल असा करंट किती, हे आधी त्यांनीच मोजलं होतं. ते उपकरण साधारण ५ मिलिअँपिअरलाच वीज तोडतं. जुन्या दोन तारांच्या फिटिंगमध्ये अर्थ ओढता येत नसेल तर असं संरक्षण बसवायला अमेरिकेची विद्युत नियमावली परवानगी देते. मात्र सॉकेटवर ‘अर्थ नाही’ असं लेबल लावायचं. माझ्या मते ही सवलत मधल्या काळापुरती घ्यावी. माणूस वाचतो, पण पत्रा लोंबकळतच राहतो आणि झिणझिण्याही राहतात.

काम होईपर्यंत

लॅपटॉप असेल तर चार्ज करून प्लग काढून वापरा. डेस्कटॉपला टीव्ही, अँप्लिफायर, केबल टीव्हीची वायर वीज चालू असताना जोडू नका. एकाला अर्थ आहे आणि दुसऱ्याला नाही अशा दोन उपकरणांमध्ये ठिणगी उडून पोर्ट जळतात. माणसाच्या आधी एचडीएमआय मरतो. वायफायमध्ये ही भानगडच नाही. नेटवर्कच्या साध्या केबलमध्ये दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे तीही बरीच सुरक्षित.

सर्ज प्रोटेक्टर लावला म्हणजे अर्थिंगची उणीव भरून निघाली असं नाही. त्यातले फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ हे दोन बंदोबस्त अर्थ नसेल तर निकामी असतात. यूपीएसही अर्थ तयार करत नाही, भिंतीतला अर्थ पुढे पोचवतो. त्याचा प्लग उपटून बॅटरीवर काम केलं तर अर्थ तुटलेलाच असतो.

दोन पिनांच्या चार्जरवर झिणझिणणारा लॅपटॉप हे वेगळं प्रकरण. तिथे अर्थ मुळातच नाही, दुहेरी इन्सुलेशनच्या भरवशावर ते बनवलेलं असतं. आतल्या एका कपॅसिटरची गळती जाणवते, बिघाड नसतो. त्याच चार्जरसाठी तीन पिनांची मूळ कंपनीची केबल मिळत असेल तर ती घ्या, बहुधा थांबतं. स्वस्त नकली चार्जर मात्र फेकून द्या; त्यात तो कपॅसिटर योग्य दर्जाचा असेलच याची खात्री नसते.

कॅबिनेट उघडून रॅम वगैरे बदलायची असेल तर प्लग काढूनच. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून तो अर्थ नसलेल्या, वीज चालू असलेल्या कॅबिनेटला अडकवणं म्हणजे झिणझिण्यांना आमंत्रण. एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

कुणी कॅबिनेटला चिकटलंच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने त्या माणसाला बाजूला ढकला. माणूस श्वास घेत नसेल तर मदतीसाठी फोन आणि छाती दाबणं लगेच सुरू.

वायरमनचं काम झालं की तो दारातून बाहेर पडायच्या आत दोन गोष्टी त्याच्यासमोर करा. पायरी ४ मधली तिन्ही मोजमापं पुन्हा घ्या, इस्त्री लावून. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून दोन्ही लागतात. बटण दाबल्यावर दिवे गेले नाहीत तर पैसे देऊ नका, त्याला परत स्टुलावर चढवा.